तीन पट्ट्यांची माशी

“माशी ती माशी, मॅडम. उगाच फाटे फोडू नका,” साहेब म्हणाले.

मी कीटकशास्त्रज्ञ. माश्या ओळखणं हा माझा पेशा. कणकवलीच्या कृषी ऑफिसात टेबलावर धामापूरच्या शेवंतीकाकींच्या बागेतला ट्रॅप होता, आत मेलेल्या माश्या. तेवढ्यावरून साहेबांनी बाग एक्स्पोर्टच्या यादीतून काढली होती. हापूस आठवड्याभरात उतरवायचा होता.

मला सोबत घेऊन आलेल्या काकी समोर उभ्याच होत्या. खुर्ची कोणी दिली नव्हती. “एक तरी आंबो कापून बघलात काय?” त्यांनी विचारलं. साहेबांनी फाइल चाळली.

मी एक माशी भिंगाखाली धरली. पाठीवर तीन पिवळे पट्टे. फळात अंडी घालणाऱ्या आंब्याच्या माशीला दोनच असतात. ही कलिंगडाची माशी. काकींच्या बागेखाली, भात कापलेल्या मळ्यात, कलिंगडंच होती.

“आमच्या किडींच्या लिस्टमध्ये ही बॅक्ट्रोसेरा आहे. बॅक्ट्रोसेरा सापडली की बाग रद्द,” साहेब म्हणाले.

लिस्ट जुनी होती. बॅक्ट्रोसेरा ही प्रजाती, म्हणजे माश्यांचं आडनाव म्हणा. पूर्वी दोघींचं एकच होतं. पुढे अभ्यासकांनी नातं पुन्हा तपासलं आणि कलिंगडाच्या माशीला झ्यूगोडॅकस या वेगळ्या प्रजातीत घातलं. ही बातमी या ऑफिसात पोचली नव्हती. तिथे वेळेवर पोचतो तो फक्त चहा.

“साहेब, तीनपर्यंत मोजायचंय. बघा ना.”

त्यांनी भिंगाला हात लावला नाही.

मग मी ट्रॅपमधलं आमिष बघितलं. नर माश्यांना वासाने ओढतात, आणि या दोघींचे वास वेगळे. आंब्याच्या बागेत कलिंगडाचं आमिष टांगलं होतं.

“आंब्याचं संपलं होतं. ट्रॅप लावल्याचा फोटो तर अपलोड करायचा होता,” तो टांगणारा क्लार्क म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

संताप आला. पण खरं सांगणं भाग होतं. या ट्रॅपवरून आंब्याची माशी नाही, असंही म्हणता येत नव्हतं. आंब्याच्या माशीचं आमिष घालून नवा ट्रॅप लावून चार दिवस थांबावं लागणार होतं.

“माशी कलिंगडार बसता नि शिक्षा माज्या आंब्याक,” काकी म्हणाल्या. तरी थांबल्या.

ट्रॅप मी स्वतः टांगला. चार दिवसांनी तो रिकामा निघाला. आंबे कापले, अळी नव्हती. बाग यादीत परत आली. तोवर झाडावर पिकलेले आंबे मात्र गावातच खपवावे लागले. साहेबांनी शेरा मारला, ‘कार्यालयाच्या तत्पर कारवाईमुळे बाग माशीमुक्त.’

किडींची लिस्ट अजून तीच आहे. काकी मात्र आता ट्रॅप घेऊन येणाऱ्याला आधी आमिष कसलं ते विचारतात. नीट सांगता आलं नाही, तर झाडाला हात लावू देत नाहीत. अख्ख्या तालुक्यात तपासणी म्हणावी अशी तेवढीच होते.