भीमराजचा कान आणि साधनाबाईची पक्कड

वसमतच्या हळद मार्केटात एक गोष्ट कुजबुजली गेली. साधनाबाईनं नवऱ्याचे कान विकले आणि आपल्या कानांत सोन्याची फुलं घातली. सांगणारा आधी इकडंतिकडं बघायचा, मग "आपल्याला काय करायचं म्हणा" असं म्हणायचा, आणि मग पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगायचा. ज्यांना काही करायचं नसतं त्यांच्यापाशीच गावाची खडान् खडा माहिती असते, हे काही नवीन नाही.

नवरा म्हणजे भीमराज. बसस्थानकामागच्या गल्लीत त्याचं दुकान. पुढच्या बाजूला तो रेडिओ, टेप, अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसायचा आणि मागं साधनाबाई पंख्यांच्या मोटारींचं वायंडिंग भरायची. दुरुस्तीवाले गावात आणखी चार होते. पण नांदेडहून, हैदराबादहून कुणी होम थिएटरचा रिसिव्हर, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणारं मशीन, आणला, नवा असो की जुना, तर तो आधी भीमराजपुढं यायचा. "भीमराजचा कान लागला का?" असं लोक विचारायचे, जसं पोरीच्या स्थळाला पत्रिका जुळली का विचारतात तसं.

त्याची रीत अशी. गिऱ्हाइकाला बाहेर उभं करायचं, शटर अर्धं खाली ओढायचं, पंखा बंद. मग गाण्याची वायरच काढून टाकायची आणि आवाजाची खुंटी शेवटपर्यंत फिरवून स्पीकरच्या पेटीला कान लावायचा. नवखं गिऱ्हाईक शटरखालून वाकून म्हणायचं, "काका, गाणं तर लावा की."

"गाणं काय, भंगारातला डबा बी म्हणतो," भीमराज आतून ओरडायचा. "गप कोण बसतंय ते बघू दे."

मशीन गप्प बसलं तर पाठीवर खडूनं टिकली मारायचा. नाही बसलं तर पाठ कोरी. त्या टिकलीवर वसमतपासून सेनगावपर्यंत सौदे व्हायचे.

आता यातली मेख. भीमराजनं वीस वर्षं वरातींत साऊंड चालवला होता. माणसाच्या उंचीच्या पेट्यांची भिंत, आणि तिच्यापुढं हा. लोक नाचून घरी गेले, वराती संपल्या, नवरानवरीची लेकरं शाळेत गेली, आणि भीमराजचे कान तिथंच राहिले. पहिल्यांदा त्याला कळलं ते असं: एके दिवशी जेवताना तो बायकोला म्हणाला, "बांगड्या घालायचं सोडलं का गं?"

साधनाबाईनं पोळी वाढता वाढता हात थांबवला. डझनभर बांगड्या होत्या हातात.

नांदेडच्या कानाच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली. अर्ध्या कागदापर्यंत रेघ सरळ आणि पुढं विहिरीत पडल्यासारखी खाली. जाडा आवाज येतो, बारीक येत नाही. डॉक्टर म्हणाले, "गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं सांभाळायचं असेल तर पेटीला कान लावणं आजपासून बंद." भीमराजनं मान हलवली, फाईल कपाटावर टाकली आणि दुसऱ्या दिवशी पेटीला कान लावला.

रिसिव्हरमध्ये दोन रोग असतात. एक जाडा, म्हशीनं नाकातून हुंकार भरावा तसा. तो भीमराजला अजून कळायचा. दुसरा बारीक, फोडणीच्या तेलासारखा, स्सस् करत राहणारा. तो त्याच्यापुरता मेला होता. तेव्हा नवराबायकोत एक खूण ठरली. मागं मोटारीवर बसलेल्या साधनाबाईला तो बारीक आवाज आला की तिनं हातातली पक्कड खाली ठेवायची. मशीन गप्प असेल तर पक्कड हातातच. शटर अर्धं खाली, रस्त्यावर गाड्यांचा कालवा. बाहेरच्याला ना आवाज कळायचा ना पक्कड. वसमतचा कान चार वर्षं असा साधनाबाईच्या मुठीत होता.

पण याची खोड जाईना. खूण मिळाली तरी याला स्वतःला ऐकायचं असायचं. खुंटी शेवटपर्यंत, कान पेटीला आणखी घट्ट, वरून वायर हलवून बघायची. वायर निसटली की थाड् करून बार व्हायचा आणि भीमराज डोकं धरून खाली बसायचा.

"कान काढा म्हणते ना तिथून! मी सांगून राहिले ना तुमाला?"

"तू सांगून राहिलीस, मला कुठं ऐकू येऊन राहिलं?"

असं म्हणून हसायचा. ती हसायची नाही.

मग वैजनाथअप्पांनी घर बांधलं. अप्पा हळदीचे व्यापारी. घरात वरच्या मजल्यावर सिनेमाची वेगळी खोली काढली. भिंतींना गाद्या, दारंखिडक्या अशा की बाहेर बँड वाजला तरी आत कळू नये. त्या खोलीसाठी दोन रिसिव्हर आले. एक जुना, जड, अप्पांनी हैदराबादहून आणलेला. दुसरा नवाकोरा, नांदेडच्या गोपीचंदच्या दुकानातला, अप्पांचे मेव्हणे नरसिंगराव यांनी शिफारस केलेला. मेव्हण्याची शिफारस म्हणजे घरात महाभारत. शेवटी ठरलं, भीमराजला बोलवा.

"मशीन दुकानावर पाठवा," भीमराजनं निरोप दिला.

"खोली काय दुकानावर येणार हाय का?" अप्पांचा उलटा निरोप.

गेला. न जाऊन सांगतो कुणाला? हत्यारांची पिशवी धरायला म्हणून साधनाबाईला बरोबर घेतलं. दुपारची वेळ. सोफ्यावर अप्पा, नरसिंगराव, दोन शेजारी, आणि कोपऱ्यात खुर्चीवर अप्पांच्या आई, पद्माबाई, सत्तरी कधीच ओलांडलेल्या. साधनाबाई दारापाशी बसली. पिशवी मांडीवर, पक्कड हातात.

आधी गाणं. भीमराज पेटीवर तळवा ठेवून ऐकायचा. तबल्याची थाप त्याला हाताला कळायची. जुन्या मशीनचा आवाज भरीव, भाकरीसारखा. नव्याचा पातळ, पण चकचकीत. त्यानं सांगितलं ते बरोबर होतं आणि अप्पांनी मान डोलावली. मग त्यानं गाणं बंद केलं आणि जुन्याला कान लावला.

"घूं करून राहिलंय," तो म्हणाला. "थोडं हाय, पण हाय."

"ऐका!" नरसिंगराव मांडी थोपटून म्हणाले. "दाजी, तुमचं हैदराबादी म्हातारं घोरून राहिलं!"

मग नवा. खुंटी शेवटपर्यंत. भीमराजनं कान लावला आणि डोळे दाराकडं नेले. साधनाबाई त्याच्याकडंच बघत होती. पक्कड हातात होती. त्यानं आणखी थोडं थांबून बघितलं. पक्कड हातातच होती, मूठ घट्ट.

"हे एकदम गप हाय," भीमराज म्हणाला. "स्मशानावाणी."

नरसिंगरावांनी "बघा, म्हणलं नव्हतं?" असं म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. कारण गाद्या लावलेल्या त्या खोलीत तो स्सस् आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. भीमराजला मात्र लोकांची तोंडं बंद दिसत होती आणि ती त्याला कौतुकानं बंद वाटत होती. त्यानं खिशातून खडू काढला आणि मशीनच्या पाठीवर टिकली मारली.

तेव्हा कोपऱ्यातून पद्माबाई म्हणाल्या, "अरे लेकरा, काहून खोटं बोलून राहिलास? मला म्हातारीला ऐकू येतंय. कुकरची वाफ निसटल्यावाणी."

त्याला ते नीट कळलं नाही. तो हसून म्हणाला, "व्हय आजी, चहा चालंल."

खोली हसली. एक शेजारी तर खोकेपर्यंत हसला. अप्पा तेवढे हसले नाहीत. ते उठले, भीमराजच्या समोर येऊन उभे राहिले आणि लेकराला सांगावं तसं मोठ्यानं, तोंड फाडून म्हणाले, "भीमराज, किती दिवस झाले रे?"

जिना उतरेपर्यंत त्याचा खडू हातातच होता.

गल्लीच्या तोंडाशी तो थांबला. "तुला न्हाई ऐकू आलं?"

साधनाबाई त्याच्याकडं वळली, म्हणजे ओठ दिसावेत. "न्हाई आलं."

इथं दुसऱ्या कुणाला राग आला असता. भीमराजला भीती वाटली. चार वर्षं ही बाई त्याच खोपटात, त्याच पेट्यांसमोर बसली होती. आपण आपले खाल्ले, आता हिचेही कान खाल्ले. आठवड्याच्या आत त्यानं दुकानाच्या पाटीवरचं 'साऊंड' खरवडून काढलं, पेट्या भंगारात दिल्या, आणि बायको नको नको म्हणत असताना तिला नांदेडला डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांकडं काचेची लहानशी खोली असते. माणूस आत बसतो, कानांवर डबे, आणि आवाज आला की बोट वर करायचं. भीमराज काचेबाहेर उभा होता. डॉक्टर खुंटी फिरवत होते, आणि साधनाबाईचं बोट वर जात होतं. आवाज कमी केला, बोट वर. आणखी बारीक केला, बोट वर. तिथं खोटं बोलावं हे तिला सुचलं नाही, की आता बोलायचंच नव्हतं, कोण जाणे. तिचे डोळे मिटलेले होते.

डॉक्टरांनी कागद दिला. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होती. ते म्हणाले, "बाईंचे कान पोरीसारखे आहेत." हे वाक्य त्यांनी भीमराजसाठी कागदावर लिहूनही दिलं.

परतीच्या एसटीत तो खिडकीपाशी बसला. ती बोलत होती. हात धरून, दंड हलवून, खूप बोलली म्हणे. भीमराजला माणसाचं बोलणं कळायचं ते ओठ बघून. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

तेव्हापासून तो तिच्याकडं बघत नाही. भांडला नाही, हात उगारला नाही, घर सोडलं नाही. समोर ताट आलं की जेवतो. फक्त मान वर करत नाही. बहिऱ्या माणसाला अबोला धरायला एवढं पुरतं.

वसमतनं मात्र याचाही अर्थ लावला. नरसिंगरावांना आपली शिफारस झाकायची होती. ते मार्केटात सांगत सुटले, "गोपीचंदनं ते स्सस् करणारं मशीन खपवायला बाईला फुलं दिली, बाईनं नवऱ्याला फसवलं, आमी तर मधल्या मधी मेलो." आणि साधनाबाईच्या कानांत फुलं तर नवीन होतीच. नवरा बघत नाही म्हणजे त्याला कळलं असणार, असं ठरलं. ती आता त्याच दुकानात एकटी मोटारी भरते. तो पुढं बसून तिला तारेची गुंडाळी सोडून देतो, पाठमोरा.

गोपीचंदनं साधनाबाईला काही दिलं नव्हतं. फुलं शिरड शहापूरच्या बाजारातली, पितळेची होती. सोन्याची होती ती त्याच्या कानांच्या पहिल्या तपासणीच्या खर्चात गेली. पक्कड तिनं जाणूनबुजून हातात धरली होती, त्याची अब्रू गेली तर तो पेटीला कान लावायचं सोडील आणि राहिलेलं ऐकू येणं वाचेल म्हणून. त्यानं सोडलं. पुढच्या दिवाळीपर्यंत राहिलेलंही गेलं.