पत्र्यावरचा पेंढा

ऑगस्ट २००५, श्रावणी सोमवार, पोलादपूरजवळचा माळ. हजर: मी (शाळेतली बाई, याद्या माझ्याकडे), तलाठी, अभियंता, घाटाखालच्या वाडीतली पाच-सहा माणसं. आणि त्याच वाडीतले नाना, खोली नंबर एकमध्ये जमिनीवर आडवे, डोळे मिटून.

तुम्ही असता तर हसला असता. आम्ही हसलोच. दरडीनं अर्धी वाडी नेली होती आणि तिथल्या अकरा कुटुंबांसाठी आम्ही पत्र्याच्या अकरा खोल्या उभ्या केल्या होत्या. माझ्या यादीत कडी, दिवा, पाणी, मोरी, सगळ्यापुढं बरोबरची खूण होती. नाना पडल्या पडल्या म्हणाले, “बाई, छपरावर पानी वताया सांगा.”

तलाठ्यांनी शिडीवर चढून बादली रिकामी केली. आत ताशा वाजावा तसा आवाज झाला. नाना उठून बसले.

“नाय जमनार.”

अभियंत्यांनी समजावलं, ही सपाट जागा आहे, इथं दरड येणारच नाही.

“आमाला म्हाईत हाय,” नाना म्हणाले. “झोपेला कुठं म्हाईत हाय?”

मग कोणी हसलं नाही. त्या पहाटे डोंगराचा आवाज ऐकून नानांनीच दारं ठोठावली होती. सुरुवात लांबच्या टोकापासून केली. स्वतःच्या घराशी पोचेपर्यंत घर राहिलं नव्हतं. बायको गोठ्यात गुरं सोडायला गेली होती म्हणून वाचली. वाडी जगली ती कानांमुळं, आणि आम्ही तिला पावसात पत्र्यापुढं दुसरं काही ऐकू न येणारं घर देत होतो. दोन कुटुंबं तर आदल्या दिवशीच भेगाळलेल्या डोंगराखाली परत गेली होती. उरलेली नानांच्या तोंडाकडं बघत होती.

नानांचा उपाय सोपा होता. पत्र्यावर वीतभर पेंढा, वरून सुंभाची जाळी. अभियंते म्हणाले, कुजेल. नाना म्हणाले, कुजला की बदलू.

मी नवी यादी केली आणि आजूबाजूच्या गावांतून भारे येऊ लागले. एकेक छप्पर झालं की नाना आत आडवे व्हायचे, वरून बादली पडायची. मग एक तर “निजा आता”, नाहीतर “आनिक एक थर”. त्यांची भावजय भारा टाकता टाकता म्हणायची, “बरं हाय रे तुजं, निजायचं काम गावलं.” एकदा घाईत मी आधीच खूण केली. नाना बाहेर आले. “बाई, खूण पुसा.” मी पुसली.

दहा छपरं झाली तसे नाना स्वतः वर गेले आणि त्या दोन कुटुंबांना म्हशींसकट खाली घेऊन आले.

राहिली त्यांचीच खोली, अकरावी. पेंढा संपला होता. मी ओशाळले.

“भात कापल्याव बघू,” ते म्हणाले. “मला तशीबी जागच असते.”

भात कापून झालं, भारे घेऊन आम्ही गेलो. दसऱ्याच्या सुमाराला चार दिवसांच्या तापात नाना गेले होते. बायकोला मुलानं मुंबईला नेलं होतं. तो पेंढा म्हशींनी खाल्ला.

पुढं पक्की घरं झाली, सगळी तिकडं राहायला गेली. दहा खोल्या मोडल्या. अकरावी शाळेचं सामान ठेवायला ठेवली. परवा पावसाची सर आली तेव्हा मी तिथं बाकं मोजत होते. पत्रा असा वाजायला लागला की मोजणी चुकली.

जुन्या वहीत एका ओळीपुढं अजून खूण नाही. खोली अकरा, पेंढा.