प्रश्नावलीत नसलेला प्रश्न

पीएच.डी.साठी मी दोन देशांतल्या मेंढपाळांच्या चराईच्या नियमांची तुलना करत होते: एक गाव आटपाडीकडचं, दुसरं पेरूतलं. आटपाडीकडच्या एका मेंढपाळ मावशींना माझे सगळे प्रश्न विचारून झाले, तेव्हा त्या म्हणाल्या, “पोरी, आता मी इचारू का? तिकडं चराईच्या बैठकीत बायका बसत्यात का?”

मला माहीत नव्हतं. ते विचारायचं मला सुचलंच नव्हतं, याची लाज वाटली. पेरूतल्या सहकाऱ्याला मी तेवढं विचारून घ्यायला सांगितलं. त्या गावात बायका बसत होत्या, मतही देत होत्या.

मी मावशींना फोनवर तसं सांगितलं.

“मग आमी बी बसणार,” त्या म्हणाल्या.

गावातल्या पुढच्या बैठकीला मावशी आणखी चौघींना घेऊन आल्या आणि थेट पुढे बसल्या. त्यांना कुणी उठवलं नाही.