न मागितलेले चौदा कागद

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. सरकारी कार्यालयाचं दार उघडायला अजून पन्नास मिनिटं आहेत आणि अफताब हुर्जुक गाडीच्या बॉनेटवर नऊ माणसांचे कागद लावतो आहे. जूनमध्ये या वेळीही पत्रा तापलेला असतो, म्हणून खाली टॉवेल अंथरला आहे. पासपोर्टची प्रत, सिव्हिल आयडीची प्रत, करारनामा, मेडिकलचा अहवाल, फोटो. प्रत्येक पाकिटात यादीपेक्षा दोन-तीन कागद जास्तच आहेत. एकात तर लग्नाचा दाखलाही आहे.

अफताब मंदूब आहे, म्हणजे कंपनीच्या वतीनं सरकारी खिडक्यांवर जाणारा माणूस. वय सत्तेचाळीस. बावीस वर्षांपूर्वी म्हसळ्याजवळच्या गावातून तो कुवेतला आला, तो ऑफिसात चहा देण्याच्या कामावर. लहानपणी मदरशात अरबी अक्षरं शिकलेला होता. अर्थ कळत नसे, पण वाचता येई. कोणता कागद कुठल्या खात्याचा हे त्याला शिक्क्यावरून सांगता येतं, हे मालकाच्या लक्षात आलं आणि चहाचा ट्रे दुसऱ्याच्या हातात गेला.

पहिल्याच वर्षी त्याच्या हातून एक चूक झाली. साताऱ्याच्या एका प्लंबरच्या अर्जाला जुन्या मालकाचं पत्र जोडलेलं नव्हतं. यादीत ते नव्हतंच. खिडकीवरच्या माणसानं मात्र ते मागितलं, पत्र मिळेपर्यंत मुदत टळली आणि प्लंबर परत गेला. तेव्हापासून अफताबचा नियम ठरला: मागितलं नाही तरी द्यायचं. “समोरच्याला ‘हे कुठाय’ म्हणायची संधीच द्यायची नाय,” तो नव्या पोरांना शिकवतो. एकवीस वर्षांत त्याचा एकही अर्ज अपुऱ्या कागदांमुळे परत आलेला नाही. तो हे अभिमानानं सांगायचा. एप्रिलपासून सांगत नाही.

त्याची मुलगी माहीन अठरा वर्षांची आहे. अबू हलीफा भागातल्या त्यांच्या घरापासून वीस मिनिटांवरच्या, अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत ती शिकली. मलेशियातल्या एका विद्यापीठात तिला फार्मसी करायची होती. घरात आई कुबरा मराठीत बोलते, माहीन इंग्रजीत उत्तर देते.

दहावी संपताना शाळेनं एक फॉर्म पाठवला होता. गणित आणि रसायनशास्त्र साधं घ्यायचं की ॲडव्हान्स्ड? माहीननं दोन्हीकडे ‘साधं’वर खूण केली. पण पालकसभेत समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या की विद्यापीठांना अवघड वर्ग घेतलेली मुलं आवडतात. अफताबनं मुलीच्या खुणा खोडल्या, ‘ॲडव्हान्स्ड’वर नव्या केल्या आणि दोन्ही खाडाखोडींशेजारी सही केली. सहीशिवाय खाडाखोड ग्राह्य धरत नाहीत, हे त्याला माहीत होतं.

अकरावीच्या पहिल्या सत्रात माहीनला गणितात चौपन्न आणि रसायनशास्त्रात सत्तावन्न गुण मिळाले. दुसऱ्या सत्रात दोन्ही विषयांत आणखी कमी. तिनं शिकवणी लावली, सुट्टीच्या दिवशी समुद्रावर जाणं सोडलं, एकदा शाळेतच चक्कर येऊन पडली. शेवटी उन्हाळ्यात तिनं दोन्ही विषय साध्या वर्गात पुन्हा केले. एकोणनव्वद आणि एक्याण्णव. शाळेचा नियम असा की विषय पुन्हा केला तर आधीचे गुण अंतिम मार्कशीटवरून काढून टाकतात. शाळेबाहेर जाणाऱ्या मार्कशीटवर चौपन्न किंवा सत्तावन्न कुठेच नव्हतं.

जानेवारीत माहीननं स्वतः ऑनलाइन अर्ज भरला. विद्यापीठानं तीन गोष्टी मागितल्या होत्या: शाळेची मार्कशीट, पासपोर्ट, फोटो. कागद स्कॅन करून चढवायचं काम अफताबनं घेतलं, कारण ऑफिसातलं मशीन चांगलं आहे. पानाच्या तळाशी एक रिकामी जागा होती, ‘इतर कागदपत्रे’. ती ऐच्छिक होती.

अफताब शाळेत गेला. अकरावीच्या दोन्ही सत्रांच्या जुन्या प्रगतिपुस्तकांच्या प्रती काढून घेतल्या, शिक्के मारून घेतले, प्रमाणित करून घेतल्या. शाळेतली क्लार्क म्हणाली, “सर, याची गरज नाही.” अफताबनं तिचे आभार मानले. माहीनचा जन्मदाखला, लसीकरणाचं पुस्तक, आपला इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, असं सगळं मिळून चौदा पानं त्यानं त्या रिकाम्या जागेत चढवली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. प्रवेश नाकारला होता. कारण एका वाक्यात दिलं होतं: ॲडव्हान्स्ड गणित आणि रसायनशास्त्रात सलग दोन सत्रं असमाधानकारक कामगिरी.

माहीननं ते दोनदा वाचलं. “हाऊ डू दे इव्हन नो धिस?”

अफताब जेवत होता. “मी लावली ती प्रगतिपुस्तकं.”

“व्हाय? मागितली होती?”

“मागितली नव्हती. पण उद्या त्यांनी विचारलं असतं, अकरावीचं पहिलं सत्र कुठाय, तर?”

“नोबडी वॉज गोइंग टू आस्क, अब्बा. नोबडी.” मग ती मराठीत बोलली, जे ती फार क्वचित करते. “मी ते वर्ष पुसलं होतं. तुम्ही त्याच्यावर शिक्का मारून पाठवलंत.”

कुबरा ताट उचलत म्हणाली, “खूण पण तुमीच केलंव, शिक्का पण तुमीच मारलंव. पोरीला करायला ठेवलंव काय?”

अफताबनं दुसऱ्याच दिवशी शाळेकडून पत्र घेतलं, गुण बदलण्याच्या नियमाचं. तेही प्रमाणित करून पाठवलं. आठ दिवसांनी विद्यापीठाचं दोन ओळींचं उत्तर आलं. सादर केलेली सर्व कागदपत्रे अर्जाचा भाग मानली जातात. निर्णय अंतिम आहे.

त्याच विद्यापीठात पलीकडच्या मंगफ भागात राहणारी फिजा जाते आहे. तिनं पहिल्यापासून साधे वर्ग घेतले होते आणि तिची सरासरी माहीनपेक्षा दोन गुणांनी कमी आहे. फिजाचे वडील रफीक अफताबच्या शेजारच्या तालुक्यातले, आणि त्याचे जुने मित्र. मे महिन्यात ते मिठाई घेऊन आले आणि सगळं ऐकून हसले.

“अरे अफताब, बावीस वर्षं गावाला जातोस. कस्टमवाला विचारत नाय तोवर पेटी कधी उघडलीस काय?”

“नाय.”

“मग पोरीचीच कशाला उघडलीस?”

अफताबनं मिठाईचा एक तुकडा खाल्ला, कारण पाहुण्यासमोर खायला लागतो. माहीन खोलीतून बाहेर आली नाही.

चांगल्या विद्यापीठांच्या तारखा तोवर उलटून गेल्या होत्या. उरलेल्या एका ठिकाणी फार्मसीची पदवी नाही, प्रयोगशाळा सहायकाचा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे. माहीननं तिथे अर्ज करायचं ठरवलं आहे. ईमेलचा पासवर्ड तिनं बदलला. कोणत्या देशातली संस्था, शेवटची तारीख कोणती, हे तिनं आईला सांगितलं आहे. अफताबला कुबराकडून कळलं. एकदा त्यानं विचारलं, ऑफिसचं मशीन हवं का? ती म्हणाली, “नो, थँक यू.” अनोळखी माणसाला म्हणावं तसं.

साडेसातला दार उघडतं. खिडकीवरचा माणूस नऊ पाकिटं घेतो, प्रत्येकातला लागेल तो कागद काढतो आणि बाकीचे न पाहता परत सरकवतो. अफताब ते गोळा करतो. वीस मिनिटांत काम होतं.

उद्या सोमवार, इथल्या कामाच्या आठवड्याचा दुसरा दिवस. अफताबचे सात अर्ज आहेत, त्याच खिडकीवर. माहीनला सकाळी दहा वाजता शाळेच्या ऑफिसातून मार्कशीटची नवी प्रत मिळणार आहे, एक पान. त्यासाठी ती सव्वानऊच्या बसनं एकटी जाणार आहे.