खूश आहे, मग डॉक्टर कशाला?

ताईचं डोकं फिरलं ते मुकादमामुळे. तिचा धाकटा भाऊ रंगारी, आणि हा मुकादम त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "बुलेट आहे बुलेट! दोघांचं काम एकटा उरकतो!" ताई डबा द्यायला साइटवर आलेली. बघतच राहिली. भाऊ शिडीवर, हात चालू, तोंड त्याहून जोरात चालू. शिट्ट्या काय, विनोद काय, घराच्या मालकिणीला नवीन बंगल्याचे प्लॅन काय! आठवडाभर धड झोप नाही, तरी पठ्ठ्या टवटवीत.

मागच्या खेपेला आजार चढला तेव्हा बिल्डिंग माझीच आहे म्हणत त्याने सगळ्या शेजाऱ्यांची दारं लाल रंगवली होती. चौघांनी धरून हॉस्पिटलात नेला होता. तो मॅनिया. आता तसलं काही नाही, म्हणून सगळे म्हणतात, सुधारला. सुधारला म्हणे! डोळे फुटलेत का यांचे?

"चल, डॉक्टरकडे जाऊ."

"कशाला? रडत बसलो तर चालतं तुला. हसलो की लगेच आजार. बघवत नाही का गं?"

लागलं तिला. कारण कित्येक महिन्यांनी तो हसत होता. पण तीही रंगाऱ्याचीच पोरगी. तिने भिंतीवर अंगठा घासला, तर रंगाचा ओला पापुद्रा सरकून हातात आला. पहिला हात वाळायच्या आत याने दुसरा मारलेला!

"बाबांनी कानफटवलं असतं तुला. एवढी घाई केलीयस कधी जन्मात?"

त्यानेही बोट घासून पाहिलं, रंग ओलाच. मग ब्रश बादलीत आपटला. "चल. पण मी आजारी नाहीये."

डॉक्टर म्हणाल्या, "हा हायपोमॅनिया. मॅनियात भान सुटतं, काम-घर मोडतं, भरती करावं लागतं. यात काम चालू राहतं, पण माणूस नेहमीसारखा राहत नाही. ते जवळच्यांना दिसतं. इथून वर चढू शकतं, नाहीतर दाणकन खाली. आत्ता आलात ते बरं."

"म्हणजे आनंद झाला तरी गोळी?"

"आनंदाला नाही. न झोपता पळताय, त्याला."

बाहेर पडतात तोच मुकादमाचा फोन. ताईनेच घेतला. "उद्या येणार नाही तो."

"अहो ताई, चांगला तर आहे की!"

"तुमच्यासाठी चांगला! एकाच्या मजुरीत दोघांचं काम होतंय, मग कशाला बोलाल तुम्ही?" फोन कट.

रस्ताभर भाऊ ताईच्या चार पावलं पुढेच चालला. घरी येऊन त्याने खोलीचं दार धाडकन लावलं.

"रुस! खुशाल रुस!" ताई बाहेरून ओरडली. "पण गोळी घे आणि झोप!"