येळवसेची झोळी

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. बीएस्सीला आहे, पुरावा मागायची खोड आहे. पण ही एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही...

तेव्हा मी अकरावीत होते. मुखेड तालुक्यात, लातूर जिल्ह्याच्या हद्दीला लागून आमचं शेत. मोठा भाऊ बाबांशी भांडून हैदराबादला गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. ना फोन, ना निरोप.

येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, आमच्याकडे शेतात कडब्याची कोप उभारून पूजा करतात, भज्जी-आंबील खायला वाटसरूलाही हाक मारतात. त्या येळवसेला दादा अचानक बांधावर उभा! आई रडायलाच लागली. बाबा एवढंच म्हणाले, "आज दुश्मनालाबी जेवू घालतेत. बस."

दादा जेवताना सारखा रस्त्याकडे बघत होता. हात धुतले नि तिकडेच निघाला. मी मागे. बाभळीआड रिक्षा, आत एक अनोळखी बाई — मांडीवर पाच-सहा महिन्यांचं बाळ.

"तुझी वहिनी," दादा म्हणाला. "बाबाला सांगू नको. आईला बघितलं, आता निघून राहिलो. पुन्हा न्हाई येणार."

माझं डोकंच फिरलं. तीन वर्षं आईने कशी काढली ते मी पाहिलं होतं. वहिनीच्या मांडीवरून बाळ उचललं नि तडक कोपीकडे चालू लागले. दादा हाका मारत मागे.

"दादाचं लेकरू," मी म्हणाले. आईने बाळ बघितलं, पण दचकली नाही. कोपीमागच्या लिंबाला तिच्या जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली... "घाल त्यात."

"ही कवा बांधलीस?"

"सकाळी. तूच सांगितलंस की! कोपीच्या दारात उभी राहून म्हणालीस, आई, लेकरू येऊन राहिलंय, झोळी बांध."

"सकाळी?" बाबा म्हणाले. "ही तर माझ्यासंगं गावात होती, आंबिलीनं भरलेलं बिंदगं आणायला."

बाळ रडायला लागलं. बाबांनी झोळीला हात लावला, दोन झोके दिले. मग दादाकडे न बघताच म्हणाले, "सुनंला बोलाव. उपाशी असंल."

आईला भास झाला म्हणावं, तर बाळाचं आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. शेजारच्या शेतांतल्या सगळ्या पोरींना विचारून झालं. सकाळी आमच्या कोपीकडे एकही आली नव्हती.

दादा आता गावातच असतो, घर भरलंय. पण मी दारात उभी राहून काही सांगितलं, की आई आधी विचारते, "तूच हाईस ना?"

मी हाव म्हणते. तरी ती थोडा वेळ बघतच राहते.