आईला लावलेलं विशेषण

इंग्रजी शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, पण 'अनवील्डी' या शब्दाचं मूळ मी शोधलं ते आईला तो शब्द लावून झाल्यावर.

पालीच्या आतल्या अंगाला आमची वाडी. घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्याच्या उंचसखल पायऱ्यांची पाखाडी, गाडी येत नाही. आईचं अर्धं अंग लुळं पडल्यापासून दर पंधरवड्याला तिला रत्नागिरीच्या इस्पितळात न्यायचं म्हणजे खुर्चीला दोन बांबू बांधायचे आणि खांदे शोधत हिंडायचं. तरणे सगळे मुंबईत. उरलो मी, एक म्हातारा शेजारी आणि दोन शेजारणी. त्या दिवशी एकीचा पाय घसरला, खुर्ची कलंडली आणि बिचारीचा खांदा पायरीवर आपटला. आईला खरचटलंसुद्धा नाही. घरी येऊन मी मुंबईच्या भावाला फोन लावला आणि त्याच्यावर फणफणलो, "तुझं काय जातंय तिथून सांगायला! शी इज अनवील्डी!" आईला कळू नये म्हणून इंग्रजीत बोललो. भ्याडपणाच तो.

"काय म्हणालास रे माला?" आईने खाटेवरून विचारलं.

"काही नाही गं. हाताळायला जड, अवघड, असं." विचारलं की अर्थ सांगायचा, ही मास्तरकीची सवय नडली.

मग मनाला टोचणी लागली म्हणून कोश उघडला. 'वील्ड' म्हणजे हत्यार पेलणं, चालवणं. फार पूर्वी त्याचा अर्थ सत्ता चालवणं असा होता. आणि 'अनवील्डी' आधी वस्तूला म्हणतच नसत. ज्याच्या अंगात बळ उरलं नाही, ज्याला स्वतःचेच हातपाय जुमानत नाहीत, अशा माणसाचा तो शब्द. पुढे कधीतरी तो माणसावरून उतरून बोजड सामानावर जाऊन बसला. मी आईला त्या सामानात ढकललं होतं. माझी मलाच किळस आली.

तरी तिला हे सांगायला आठवडा घेतला. एका दुपारी भरवताना म्हटलं, "आई, तो शब्द मुळात अशक्त माणसाचा. तुझा त्यात काही दोष नाही."

तिने चांगल्या हाताने ताट सरकवलं. भात निम्मा तसाच होता. आठवडाभर तो तसाच उरत होता आणि मी ते दुखण्यावर ढकलत होतो.

"बास झाला," ती म्हणाली. "त्या बायांचे खांदे दुखतात रे. जरा हलकी झाले म्हंजे बरा पडंल त्यांना."

मी पुढे केलेला घास पाहून तिने तोंड मिटून घेतलं.